विजेच्या तारा आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान. काही भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी मी प्रथम आहाराचा विषय सुचविला होता. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "बाई, आहारावर दरवर्षीच कोणी तरी बोलतं. यंदा तुम्ही त्या तारांवर बोला. सगळ्यांच्या मनात तेच आहे." मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकविण्यात माझी नोकरी गेली. म्हणून जे वाचून, पडताळून पाहिले तेवढेच आज सांगणार आहे. औषधोपचार सांगणे हे माझे काम नव्हे.

"त्या तारा" म्हणजे कोणत्या, हे आपणांस ठाऊकच आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची वीज गोळा करण्यासाठी कळंबकडे चारशे किलोव्होल्टचे, म्हणजे चार लाख व्होल्टचे उपकेंद्र झाले, आणि शिवाराशिवारांतून उंच मनोरे व जाड तारा आल्या. जमिनीचा आणि मोबदल्याचा प्रश्न वेगळा आहे. तो आज मी घेत नाही. आज फक्त शरीरापुरते बोलू.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकाच बैठकीत मी दोन गोष्टी ऐकल्या. एक काकू म्हणाल्या, "तारांखाली राहणाऱ्या लेकरांच्या अंगातली ताकद जाते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात." थोड्या वेळाने एक पाहुण्या बाई चुंबकाची गादी विकावयास आल्या. त्या म्हणाल्या, "या चुंबकावर झोपलं की पांढऱ्या पेशी वाढतात." त्या दिवशी आपल्या भिशीतून तीन गाद्यांचे पैसे ठरले. घरी जाताना मी विचार करीत होते की, तारेभोवती जे असते तेही चुंबकत्वच आणि गादीत असते तेही चुंबकत्वच. मग एकाने पेशी मरतात आणि दुसऱ्याने वाढतात, हे कसे? दोहोंपैकी एक तरी चुकत असले पाहिजे, कदाचित दोन्हीही.

दुसरी एक गोष्ट आपल्याच वस्तीतील आहे. मुलीच्या आईची परवानगी घेऊन सांगते. नाव सांगत नाही. या मुलीला संध्याकाळी बारीक ताप येई, वजन घटत चालले होते आणि मानेला गाठ आली होती. घर मनोऱ्यापासून फार दूर नव्हते. सगळ्यांनी सांगितले, "तारांचा परिणाम आहे." आईने खाट फिरविली, खिडकी बुजविली, "किरण अडविणारी" एक चकतीही विकत घेऊन मुलीच्या उशाखाली ठेविली. असे तीन महिने गेले. या मुलीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते. मी हा विषय घेतला तो तिच्यामुळे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. तारेतून वीज वाहते तेव्हा तारेभोवती दोन प्रकारचा अदृश्य प्रभाव पसरतो. एक विद्युत क्षेत्र आणि दुसरे चुंबकीय क्षेत्र. विद्युत क्षेत्र तारेतील व्होल्टेजवर अवलंबून असते आणि भिंत, झाड, छप्पर यांनी बरेचसे अडते. चुंबकीय क्षेत्र तारेतून किती प्रवाह वाहतो त्यावर अवलंबून असते आणि ते भिंतीतून पार जाते. आपल्या देशातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. ही फार मंद गती होय. मोबाइलच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी आवर्तने करतात. म्हणून मोबाइलचा मनोरा आणि विजेचा मनोरा हे दोन निरनिराळे विषय आहेत. ते एकत्र करू नयेत.

चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे माप मायक्रोटेस्ला. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकत्व आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. त्यातच आपण जन्मलो आणि वाढलो. मात्र ते स्थिर असते; तारेचे उलटसुलट होत राहते. घराच्या मधोमध, उपकरणांपासून दूर, तारांमुळे होणारे क्षेत्र बहुधा ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास असते. उच्च दाबाच्या तारांच्या अगदी खाली उभे राहिले तर ते काही मायक्रोटेस्लांपासून वीसपर्यंत जाऊ शकते; पन्नास ते शंभर मीटर दूर गेले की पुन्हा घरातल्याइतके होते. आता इस्त्री घ्या. तीन सेंटिमीटरवर तिचे क्षेत्र ८ ते ३० मायक्रोटेस्ला भरते आणि हातभर दूर धरली की अर्ध्याहूनही कमी होते. केस वाळविण्याच्या यंत्राचे तर अगदी जवळ दोन हजारांपर्यंतही मोजले गेले आहे. सामान्य माणसांसाठी २०१० साली आंतरराष्ट्रीय आयोगाने घातलेली मर्यादा २०० मायक्रोटेस्लांची आहे. या सगळ्या आकड्यांतून एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने घटते.

हे क्षेत्र खरे आहे, कल्पनेतले नव्हे, याचा एक पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजीत असत. पुढे मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवावयाचे ठरले. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या ध्यानात आले की, ट्रामच्या विजेने आपली नाजूक यंत्रे चळतील आणि इतक्या वर्षांची नोंद बिघडेल. म्हणून १९०४ साली समुद्रापलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात चुंबकाला ओढील असे काही वापरले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागेस ते काम आजही चालू आहे.

या हकिकतीतून दोन धडे घ्यावेत. पहिला असा की, शंका आली तेव्हा मूससाहेबांनी मोजमाप केले आणि अंतर राखले. ओरड केली नाही. दुसरा असा की, सुईला जे कळते ते शरीराला बाधतेच असे नाही. ट्रामने वेधशाळेची सुई हलेल हे खरे. पण त्याच ट्राममध्ये बसून हजारो मुंबईकर रोज कामावर जात होते.

मग शरीरातील पेशींना काय कळते? आपल्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. त्या एकाच जातीच्या नव्हेत. काही जंतू दिसताच धावून जाऊन त्याला गिळतात. काही मेलेल्या पेशींचा केरकचरा काढतात. लिम्फोसाइट नावाच्या पेशी ओळख ठेवतात. एकदा गोवर येऊन गेला की पुन्हा बहुधा येत नाही, तो यांच्या आठवणीमुळे. लसही हीच आठवण करून देते. या पेशींची वस्ती रक्तात असते, तशी मानेतल्या, काखेतल्या आणि जांघेतल्या गाठींत असते. म्हणून घसा बिघडला की गळ्याशी गाठ लागते.

लिम्फोसाइटला शत्रू दिसला की तिच्या पडद्यातील बारीक दारे उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. ही तिची धोक्याची घंटा होय. कॅल्शियमच्या कणावर विद्युतभार असतो. म्हणून शास्त्रज्ञांना वाटले की, बाहेरच्या विद्युत-चुंबकीय क्षेत्राने ही घंटा उगाच वाजत असेल किंवा वाजावयाची राहात असेल. शंका रास्त होती. तिच्यावर चाळीस-पन्नास वर्षे प्रयोग झाले.

या प्रयोगांत आपल्या स्वयंपाकघरातील एक जिन्नस आहे, तो म्हणजे राजमा. कच्च्या राजम्यात एक द्रव्य असते. त्यामुळेच राजमा रात्रभर भिजवून, पाणी टाकून, खळखळ उकळल्याशिवाय खाऊ नये. नाही तर ओकाऱ्या होतात. १९६० साली अमेरिकेत पीटर नॉवेल यांना असे आढळले की, हेच द्रव्य काचेच्या भांड्यातील लिम्फोसाइटांत घातले की त्या जाग्या होऊन विभागू लागतात. तेव्हापासून पांढऱ्या पेशी तल्लख आहेत की मंद, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत राजम्याचा हा अर्क वापरतात.

१९८३ साली इटलीतील काही संशोधकांनी माणसाच्या लिम्फोसाइटांत असे द्रव्य घालून त्यांना मंदगतीच्या क्षेत्रात ठेविले. त्यांना पेशी नेहमीपेक्षा कमी विभागताना दिसल्या. म्हणजे आपल्या काकूंचे म्हणणे खरे? पण १९८९ साली इटलीतच दुसऱ्या संशोधकांनी क्षेत्राचे ठोके देऊन पाहिले, तर तरुणांच्याच नव्हे, वृद्धांच्याही लिम्फोसाइट अधिक विभागल्या. म्हणजे गादीवाल्या बाईंचे म्हणणे खरे? भगिनींनो, अशा वेळी एका प्रयोगावर घर बांधू नये. पाककृती एकीच्या हातून जमली की आपण म्हणतो, चार घरी करून पाहू. शास्त्रातही तोच नियम आहे.

चार घरी करून पाहिले तेव्हा काय झाले? नेदरलँड्समध्ये २०११ आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसाच्या पांढऱ्या पेशींना क्षेत्रात ठेवून, जंतूंच्या अंशांनी डिवचून पाहिले. दाह निर्माण करणाऱ्या द्रव्यांत काही फरक पडला नाही. त्याच देशात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मात्र जंतू गिळणाऱ्या पेशींचे वर्तन बदललेले दिसले. या पेशी जंतूंना पकडण्यासाठी आपल्याच अंतरंगाचे जाळे बाहेर फेकतात, आणि क्षेत्रामुळे हे जाळे फेकणे वाढले. परंतु काचेच्या भांड्यातील प्रयोगांत वापरलेले क्षेत्र बहुतेक वेळा घरातल्या क्षेत्राच्या शेकडो ते हजारो पट असते. आणि भांड्यातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. तिच्यामागे यकृत नाही, मज्जा नाही, झोप नाही, जेवण नाही.

एक कटू प्रसंगही सांगितला पाहिजे. १९९२ साली अमेरिकेतील बर्कले येथील प्रयोगशाळेतून दोन निबंध निघाले. क्षेत्रामुळे लिम्फोसाइटांत कॅल्शियम शिरते, घंटा वाजते, असे त्यांत दाखविले होते. त्यांचा मोठा गवगवा झाला. पुढे त्याच संस्थेत चौकशी झाली, आणि १९९९ साली सरकारी कचेरीने निर्णय दिला की आकडे खरे दाखविलेले नव्हते. निबंधांतील तो भाग मागे घ्यावा लागला. शास्त्रज्ञही माणूसच असतो. पण शास्त्राच्या वाटेवर दुसरा माणूस हिशेब तपासावयास बसलेला असतो, हे त्याचे बळ. आपल्या मंडळाचा जमाखर्च आपण दोघींकडून तपासून घेतो, तो याचसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली हे सारे प्रयोग एकत्र तपासले. पांढऱ्या पेशींवरील परिणामांचा पुरावा एकमेकांशी जुळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सोप्या भाषेत, आपल्या घरांत असते तेवढ्या क्षेत्राने रोगप्रतिकारशक्ती जाते असे सिद्ध झालेले नाही; आणि वाढते असेही नाही.

याचे एक कारण सहज समजण्यासारखे आहे. प्रत्येक पेशीच्या पडद्यावर तिची स्वतःची वीज असते, सुमारे ५० ते ७० मिलिव्होल्ट. पडदा इतका पातळ की त्या मानाने हा जोर प्रचंड आहे. घरातील चुंबकीय क्षेत्रामुळे पडद्यावर जो जोर येतो तो याच्या कोट्यवधी पटींनी लहान असतो. जत्रेच्या नगाऱ्यात कोणी कुजबुजावे, तसे ते आहे.

आता जी शंका खरोखर शिल्लक आहे, ती मी लपविणार नाही. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात दोन संशोधकांना असे दिसले की, जाड तारांजवळच्या घरांतील मुलांत कर्करोग थोडा अधिक आढळतो. मुलांच्या रक्ताचा कर्करोग म्हणजे पांढऱ्या पेशींचाच रोग. तयार होणाऱ्या पेशी बेबंद वाढतात. म्हणून हा प्रश्न आपल्या विषयातलाच आहे. २००० साली निरनिराळ्या देशांतील नऊ अभ्यास एकत्र केले. त्यांत रोगी मुले ३,२०३ होती आणि तुलनेसाठी निरोगी मुले १०,३३८. ज्या घरांत सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्ला किंवा त्याहून अधिक होते, तेथे या रोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. पण अशा घरांतील रोगी मुले होती केवळ ४४. शंभरातील नव्याण्णव मुलांची घरे त्या खालीच होती आणि तेथे काही वाढ दिसली नाही. हा रोग मुळातच विरळा आहे. दुप्पट झाला तरी विरळाच राहतो.

यावरून २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या चुंबकीय क्षेत्राला "कर्करोगास कदाचित कारण होऊ शकेल" अशा वर्गात घातले. "कदाचित" हा शब्द नीट ऐका. याच वर्गात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही घातला गेला. अंगणातली कोरफड पाहून आपण पळून जात नाही. पण तिचा अर्क पेलाभर रोज प्यावा असेही म्हणत नाही. येथेही तेवढीच समज पुरे. प्राण्यांवरील प्रयोगांतून किंवा पेशींच्या अभ्यासातून या आकड्यांचे कारण सापडलेले नाही. भीतीने घर विकण्याचे कारण नाही. स्वस्तात अंतर राखता येत असेल तर न राखण्याचेही कारण नाही.

तर मग आपण काय करावे? खर्चाचे काहीच नाही. लेकरांची खाट किंवा पाळणा मीटरच्या, फ्रीजच्या किंवा डीपीलगतच्या भिंतीला चिकटून असेल तर दोन-तीन पावले सरकवावा. नवे घर बांधताना चारशे किलोव्होल्टच्या तारांचा पट्टा सोडावा. तो ४६ मीटर रुंदीचा धरतात आणि त्यात घर बांधावयाचे नसते. शंका असेल तर क्षेत्र मोजून घेण्याची मागणी मंडळाने एकत्र अर्ज करून करावी. एकटीच्या अर्जापेक्षा मंडळाच्या अर्जाला वजन असते. आकडा हाती आला की भांडणही शहाणपणाने करता येते.

विजेचा खरा घात मात्र स्पर्शाने होतो, आणि त्याविषयी आपण फार बेफिकीर आहोत. ओल्या हाताने कूलरला हात लावणे, तारेवर धुणे वाळत घालणे, पत्र्याच्या घरात उघडी जोडणी ठेवणे, मोटारीला अर्थिंग नसणे, वादळात तुटून पडलेली तार काठीने सरकविणे ही खरी भीतीची स्थळे आहेत. अकरा हजार व्होल्टच्या तारेपासून भिंत आडवी निदान १.२ मीटर आणि गच्ची खाली निदान ३.७ मीटर असावी, असा सुरक्षेचा नियम आहे. वरचा मजला चढविण्यापूर्वी हे मोजा.

चुंबकाच्या गादीविषयीही सांगते. रक्तात लोह आहे म्हणून चुंबक रक्ताला ओढतो, हा समज चुकीचा आहे. रक्तातील लोह खिळ्यासारखे नसते. डॉक्टर मंदगतीचे क्षेत्र काही वेळा वापरतात हे खरे. न जुळणाऱ्या हाडासाठी अशा यंत्राला अमेरिकेत १९७९ पासून मान्यता आहे. पण तेथे आजार ठराविक, मात्रा ठराविक आणि देखरेख डॉक्टरांची. गादीत यांतले काही नाही. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी तर चुंबकाच्या वस्तू जवळ करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आणि "किरण अडविणारी" चकती? भिंतीतून पार जाणारे क्षेत्र रुपयाएवढी चकती अडवू शकत नाही.

पांढऱ्या पेशींना बळ हवे असेल तर मार्ग जुनेच आहेत. बाळाला आईचे दूध, वेळेवर लसी, डाळ-भाकरीबरोबर अंडे किंवा दूध, पुरेशी झोप, आणि चुलीच्या व तंबाखूच्या धुरापासून दूर राहणे. यांत विकण्यासारखे फारसे नाही. म्हणून ते विकावयास कोणी दारी येत नाही.

आता त्या मुलीकडे येते. तीन महिन्यांनी तिची आजी हट्टाने तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. गाठीतील द्रव तपासला तेव्हा कळले की तो मानेच्या गाठीचा क्षय होता. पांढऱ्या पेशी मेल्या नव्हत्या. त्या त्याच गाठीत जंतूशी झुंजत होत्या, आणि आपण सगळ्या तारेकडे बोट दाखवीत होतो. तपासणी आणि औषधे फुकट मिळाली. सहा महिने एक दिवसही न चुकविता तिने गोळ्या घेतल्या. आता ती बरी आहे. तिच्या आईला मी काय दोष देणार? खाट फिरवा असे सांगणाऱ्यांत मीही होते. खाट फिरविण्यात पाप नव्हते. पाप होते ते "खाट फिरविली, आता डॉक्टरची गरज नाही" असे तिला वाटू देण्यात.

म्हणून माझी मंडळाला एवढीच विनंती आहे. पंधरा दिवसांहून अधिक ताप, खोकला, घटते वजन किंवा न उतरणारी गाठ असेल, तर कारण तार असो वा नसो, आधी दवाखाना गाठावा. तारांची चौकशी त्यानंतर करू, आणि ती सगळ्या मिळून करू. गाद्यांचे पैसे अजून दिले गेले नाहीत, असे खजिनदारबाईंनी मला आताच सांगितले. त्यांचे काय करावयाचे ते पुढच्या बैठकीत आपण ठरवू.